गाऱ्हाण्याला नाव लागतं

हमद टाउन, ३ नोव्हेंबर

चि. मृणाली,

फोनवर बोलणार नाही असं मी म्हणालो होतो. लिहिणार नाही असं कुठे म्हणालो? तेव्हा हे पत्र बघून बाबा नमले असं समजू नकोस. आई याचा फोटो काढून तुला पाठवील. जोडाक्षर अडलं तर तिला विचार, मला नको. लहानपणी सुट्टीच्या शुक्रवारी बाराखडी घेऊन बसवलं की ‘बाबा, बट व्हाय?’ करत पळायचीस. आता भोग.

लिहायचं कारण एवढंच की तुझ्या आईने माझं जेवण कठीण केलंय. भांडली असती तर परवडलं असतं. ती ताट पुढे ठेवताना रोज तुझ्याबद्दल तेच विचारते, "मगे, चेडवासाठी गाराणा घालतलात की नाय?"

जानेवारीत तुझं लग्न. अमेरिकेतल्या मुलाशी, तिथल्या चर्चमध्ये. ठरवून झाल्यावर आम्हाला कळवलंस. आणि वर आईला सांगितलंस, ‘बाबांनी गाऱ्हाणं घातलं तरच मला लग्न लागल्यासारखं वाटेल.’ वा! सगळं आपल्या मनाने करायचं आणि शेवटचा खिळा बापाने मारायचा.

हे बघ, आपल्या घरात पेरणी असो, विहीर असो, लग्न असो, गाऱ्हाण्याशिवाय कामाला हात लागत नाही. माझे आजोबा घालायचे, वडील घालायचे, आता मी घालतो. देवापुढे उभं राहून सांगायचं की हा अमुक, या गावचा, या कुळाचा, तुझ्याकडे हे मागतोय. जमलेल्यांनी म्हणायचं, ‘व्हय म्हाराजा!’ गाऱ्हाण्याला नाव लागतं, गाव लागतं, कूळ लागतं. ज्याचं कुळ ना मूळ मला ठाऊक, त्याच्यासाठी देवापुढे तोंड कसं उघडू? माझी अडचण एवढीच आहे, दुसरी काही नाही.

हे आईने खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "तुमी तेचो गाव इचारलात कधी? रंग तेवढो बरो इचारलात!" तिच्या जिभेला हाड नाही.

आता एक गंमत. तू अमेरिकेची गाणी-चित्रं शिकायला गेलीस म्हणून मी धुसफुसत बसलो, तर ती चित्रंच माझ्या मागे इथवर आली. मनाम्यात अमेरिकेतल्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरतंय. पेट्या उतरवून चित्रं भिंतीवर चढवायचं काम आमच्या कंपनीला मिळालं आणि फोरमन म्हणून मला धाडलं. पेट्या काल आल्या. आल्या आल्या उघडायच्या नसतात म्हणे, दिवसभर तशाच ठेवायच्या, इथल्या हवेची सवय होऊ द्यायची. मला हसू आलं. मी बहरीनला उतरलो त्याच दुपारी माझ्या खांद्यावर गोण्या दिल्या होत्या.

आशीर्वाद लिहीत नाही. आईने तिचे वेगळे पाठवलेत.

बाबा


हमद टाउन, ६ नोव्हेंबर

चि. मृणाली,

आईकडून ऐकशीलच आणि ती तिखटमीठ लावून सांगेल, म्हणून आधी माझ्याकडून ऐक. माझी नोकरी काल थोडक्यात वाचली.

आमची रीत तुला ठाऊक आहे. मोठं काम असलं की मी गाऱ्हाणं घालतो आणि नारळ फोडतो. माझे गडी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. वली आणि अमीर रत्नागिरीकडचे. अमीर ‘व्हय म्हाराजा’च्या जागी ‘आमीन’ म्हणतो आणि खोबऱ्याचा सगळ्यात मोठा तुकडा पळवतो. आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

तर पहिली पेटी उघडायच्या आधी मी उभा राहिलो. "बा देवा म्हाराजा, आज ह्या परक्या मुलखातला सामान आमच्या हातात इला हा, तेका धक्को लागू देव नको रे म्हाराजा!" पोरांनी असा आवाज लावला की हॉल घुमला. आणि मी नारळ पायरीवर आपटला. पाणी उडालं ते थेट पेटीवर.

ती अमेरिकन बाई, जिच्या ताब्यात सगळी चित्रं आहेत, धावत आली. "स्टॉप! एव्हरीबडी स्टॉप!" चेहरा पांढराफटक. आधी वाटलं, बाई आमच्या देवावर उखडली. तसं नव्हतं. लाकडाने पाणी धरलं तर आतला कागद फुगतो, आणि त्या पेटीतला कागद दीडशे वर्षांचा होता. चूक माझीच. ज्याला धक्का लागू नये म्हणून देवाला विनवलं, त्याच्यावर मीच पाणी ओतलं. पेटी पुसली, बाजूला ठेवली, बाईंनी कसलंसं यंत्र लावून बघितलं. पाणी आत गेलं नव्हतं. तोवर माझा जीव टांगणीला. आमचा मॅनेजर म्हणाला, "बाळाजी, खलास. उद्यापासून गोडाऊनला."

बाईच मध्ये पडली. म्हणाली, माणूस राहू दे, नारळ बाहेर ठेवा. मग मला विचारलं की तू काय म्हणत होतास, आणि ते सगळे उत्तर काय देत होते? मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, वन मॅन आस्किंग गॉड. ऑल मेन सेइंग येस." मग म्हणाली, सगळं लावून झालं की तिसऱ्या खोलीत जा आणि तिथले हेडफोन कानाला लाव. का, ते काही सांगेना.

काय असेल तिथे? तुला ठाऊक असेल. सांगू नकोस.

बाबा


मनामा, १२ नोव्हेंबर

चि. मृणाली,

हे हॉलच्या कँटीनमध्ये बसून लिहितोय. चित्रं लागली. आज जेवणाच्या सुट्टीत पहिल्या खोलीपासून चालत गेलो. जेवण राहिलं.

पोरी, काय सांगू तुला! पहिल्याच भिंतीवर एक चित्र आहे, आपल्या हॉलपेक्षा लांब. डोंगर, नदी, वरून उतरणारा उजेड. चढवताना मला फक्त त्याचं वजन कळलं होतं. आज समोर उभा राहिलो तर हात आपोआप जोडले गेले. वली बाजूला आला नि म्हणाला, "मिस्त्री, एवढ्या मुलखात माणूस कसा नाय?" खरंच नाही. एकसुद्धा नाही. बाई म्हणाली, माणसं होती. पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. पण चित्र विकत घेणाऱ्यांना जमीन रिकामी हवी होती, म्हणून काढणाऱ्याने ती गाळली. त्याच्या शेजारी मुद्दाम एक छोटं चित्र लावलंय, अलीकडचं, त्याच गाळलेल्या लोकांतल्या एका बाईने काढलेलं. तोच डोंगर, पण प्रत्येक चढावर तिच्या भाषेतलं नाव लिहिलेलं. मी दोन्ही चित्रांच्या मध्ये उभा राहिलो. एकाच डोंगराचं हे असं होऊ शकतं?

दुसऱ्या खोलीत काचेखाली एका पुस्तकाची पानं आहेत. गुलामीतून पळालेल्या एका बाईने लिहिलेलं. तिला अक्षर शिकवणं हाच तिथे गुन्हा होता. मग ती शिकली आणि पहिल्या ओळीत तिने काय लिहिलं? मी कोण, माझी आई कोण, मी कुठली. पुढे लिहिलंय की आईच्या मागचं मला काही माहीत नाही. मृणाली, ज्या पेटीवर मी नारळाचं पाणी उडवलं ती हीच. देवाने राखलं.

एका चित्रात रेल्वेचं स्टेशन आहे. दक्षिणेतली शेतं सोडून उत्तरेच्या कारखान्यांत निघालेली काळी माणसं. दोरीने करकचून बांधलेल्या ट्रंका, ट्रंकेवर बसलेली बाई, तिच्या मांडीवर डबा. आपण गावाला निघालो की विमानतळावर खोके बांधून, वर मार्करने नाव लिहून बसतो ना, तसंच. मी ट्रंकेची गाठसुद्धा ओळखली.

त्याच्या पुढे चकचकीत स्वयंपाकघर. फ्रीज आहे, डबे आहेत, दारात गाडी आहे आणि बाई सिंकपाशी उभी राहून बाहेर बघतेय. शेवटच्या भिंतीवर रस्ताभर चालणारी माणसं, हातात फलक, तोंडं उघडी. गातायत.

विमानतळावर तू मला काय म्हणाली होतीस, आठवतं? ‘बाबा, सोसायटी चेंज होते ना, तेव्हा फर्स्ट गाणं चेंज होतं, देन पिक्चर, देन बुक. लॉ सगळ्यात लास्ट.’ मी विचारलं होतं, त्याने पोट भरतं का. आज एकेक खोली ओलांडताना तेच डोळ्यांपुढे घडताना पाहिलं. हे शिकत होतीस होय तू? मला वाटलं, चित्रकलेचा तास.

हेडफोन अजून लावलेले नाहीत. गडी हाका मारतायत.

बाबा


हमद टाउन, १३ नोव्हेंबर

मृणाली,

लावले.

आधी लोखंडाचा आवाज येतो. मग एक माणूस हाक घालतो, लांब, चढ्या सुरात. आणि दहा-पंधरा माणसं एकदम उत्तर देतात, त्याच ठेक्यावर पहारी लागतात आणि रूळ सरकतो. पुन्हा एक हाक, पुन्हा सगळ्यांचं उत्तर. शब्द अर्धेसुद्धा कळले नाहीत. पण उत्तर कधी येणार ते मला आधी कळत होतं. शपथेवर सांगतो, एकदाही चुकलो नाही. तिसऱ्या हाकेला माझ्या तोंडून ‘व्हय म्हाराजा’ निघून गेलं आणि दाराशी बसलेला सिक्युरिटीवाला दचकला.

देवा रे! कुठे आपलं कोकण आणि कुठे ते. यांना कुणी शिकवलं? आम्हाला कुणी शिकवलं?

खालच्या पाटीवर लिहिलंय की एकटा माणूस रूळ हलवू शकत नाही, म्हणून रेल्वेच्या काळ्या मजुरांचं हे गाणं. हाक घालणारा कधी देवाला विनवायचा, कधी मुकादमाची टिंगल करायचा, ती मुकादमाला कळायचीसुद्धा नाही. पुढे तीच रीत चर्चमध्ये, तिथून शहरात, आणि शेवटी त्या रस्त्यावरच्या माणसांच्या तोंडी. आणि सगळ्यात खाली एक ओळ आहे: ‘गाणाऱ्यांची नावं उपलब्ध नाहीत.’

अमीर आणि वलीलाही ऐकवलं. अमीर, ज्याचं तोंड कधी बंद नसतं, तो हेडफोन काढून हलकेच ‘आमीन’ म्हणाला. या वेळी खोबरं नव्हतं.

संध्याकाळी सीफ भागातून आईला गाडीत घेतलं आणि प्रदर्शन दाखवायला नेलं. ती त्या सिंकपाशी उभ्या बाईपुढून हलेचना. म्हणाली, "हिका सगळा दिला, पण कोणी काय इचारुक नाय." आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, यल्ला, चल, पार्किंगची वेळ संपतेय.

बाबा


हमद टाउन, २१ नोव्हेंबर

चि. मृणाली,

काल कागद घेऊन गाऱ्हाणं लिहायला बसलो. घालीनच असं नाही, बसतंय का ते बघत होतो. ‘बा देवा म्हाराजा, माझा चेडू मृणाली आणि’ इथपर्यंत आलं आणि पुढे रिकामं. त्याचं नावच मला ठाऊक नाही. तू सांगितलं असशील, मी ऐकलं नसेल. घरात मी ‘तो’ म्हणतो.

कळव. त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, कूळ. गावाची राखण करणारा देव कोण, तेही. स्वतःच्या हाताने मराठीत लिही. आईला फोन करून सांगितलंस तर चालणार नाही.

बाबा


हमद टाउन, ९ डिसेंबर

चि. मृणाली,

तुझं पत्र मिळालं. काय ते अक्षर! कोंबडीच्या पायाला शाई लावून कागदावर सोडली असती तर बरं आलं असतं. मी ते चार वेळा वाचलं.

तर त्याचं नाव आयझाया. आईबाप लहानपणीच गेले, आजीने वाढवला, आजी अर्लीन. गाव अलाबामात, नदीकाठचं. राखण कोण करतं विचारल्यावर आजी म्हणाली, नदीवरचं आमचं चर्च. तू त्या चर्चमधली गाणी टिपायला गेलीस आणि तिथेच तो भेटला. आजीचे आजोबा रेल्वेच्या रुळांवर कामाला होते, हाक घालायचे. हे वाचलं तेव्हा मी कागद खाली ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

आणि कुळासमोर तू लिहिलंस: ‘बाबा, आजीच्या आजोबांच्या मागचं कुणाला माहीत नाही. त्यांच्या पूर्वजांना जहाजातून आणलं तेव्हा नावं काढून घेतली. आजी म्हणते, सॉरी, देवाला सांगायला आमच्याकडे एवढंच आहे.’

त्या बाईने मला सॉरी म्हणावं? मला?

मृणाली, कुळ ना मूळ असं मी किती सहज म्हणालो होतो.

पण अडचण अडचणच. गाऱ्हाणं अर्धवट घातलेलं चालत नाही. गावी देवळातल्या मानकरीकाकांना फोन लावला. वय झालंय, ऐकू कमी येतं. ओरडून ओरडून सांगितलं, मुलगा अमेरिकेचा, काळा, किरिस्ताव, खापरपणज्याच्या मागचं नाव ठाऊक नाही, काय करू? मला वाटलं, आता शिव्या येतात. तर म्हणाले, "चेडू सुखात आसा मां?" म्हटलं, हो. "मगे? गाराण्यात जागा आसा ती खंय हरवलंस? जाणते आणि नेणते. नाव ठाऊक आसा तेंका आणि ठाऊक नाय तेंका. तुझ्या आजाक तरी तेच्या पणज्याचा नाव खंय ठाऊक होता?"

इतकी वर्षं मी ते शब्द म्हणत आलो, ‘जाणते-नेणते’. कधी थांबून बघितलं नव्हतं की ते कुणासाठी आहेत.

व्हिसाची तारीख मार्चमधली मिळाली. लग्नाला पोचत नाही. आई रडली. मी म्हटलं, गाऱ्हाणं पोचेल. फोनवर तुझ्याशी बोलणार नाही म्हणालो होतो, देवाशी बोलायला काय हरकत आहे?

आपल्या घरात लॉ म्हणजे मी. तू म्हणालीस तसंच झालं, सगळ्यात लास्ट.

बाबा


हमद टाउन, ११ जानेवारी

चि. सौ. मृणाली,

तू काल पडद्यावर सगळं बघितलंस, तरी इकडचं सांगतो. गच्चीवर संध्याकाळचं ऊन होतं, तुमच्याकडे लग्नाची सकाळ. आईने नऊवारी नेसून फोन असा धरला होता की तुला अर्धा वेळ माझं पोटच दिसलं असेल. वली होता. अमीर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. नारळ मी फोनपासून लांब ठेवला.

मी सुरुवात केली आणि तू तिकडे इंग्रजीत सांगत होतीस. माझा आवाज नीट होता. "बा देवा म्हाराजा, आज बहरीनच्या गच्चीयेर उभो रवान तुका हाक मारतंय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे इकडचे. तुझा आवाज बारीक, उशिरा.

"माझा चेडू मृणाली आणि अर्लीनबायचो नातू आयझाया, नदीकाठच्या गावचो, हेंचो संसार आज सुरू होता हा, तेंका सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग ती जागा आली. मी कागदावरून नजर काढली. कागदावर होतं ते माझं नव्हतं, जुनंच होतं. पुढचं आपोआप आलं. "जाणते आसत तेंका आणि नेणते आसत तेंका. जेंची नावा ठाऊक आसत तेंका, आणि जेंची नावा दर्यात बुडवली तेंकाव. नाव नाय म्हणान कोणी मागे रवलो आसात तर तेका हात धरून मांडवात आण रे म्हाराजा!"

इकडे कुणीच उत्तर दिलं नाही. वली खाली बघत होता. तू सांगता सांगता मध्येच थांबलीस, मला दिसलं. आयझायाने तुझा खांदा धरला होता. एवढ्या वर्षांत माझं गाऱ्हाणं कधी बिनउत्तराचं राहिलं नव्हतं आणि उत्तराशिवाय मला पुढे जाता येत नाही.

आणि पडद्यावर तुमच्या मागे खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या अर्लीनबायने डोळे मिटून, मान वर करून हाक दिली, "येस, लॉर्ड!"

बरोब्बर जिथे यायला हवं तिथेच. एक श्वास आधी नाही, एक श्वास नंतर नाही. तेच ते, तिसऱ्या खोलीतलं. तिला माझी भाषा येत नाही, माझा देव ठाऊक नाही, आणि माझं गाऱ्हाणं तिने पडू दिलं नाही.

मी पुढचं विसरलो. मृणाली, वयाच्या विसाव्या वर्षापासून घालतोय, कधी शब्द चुकला नाही, आणि मला पुढचं काही आठवेना. अमीरने माझ्या हातात नारळ दिला, म्हणाला, "फोडा मिस्त्री, पोचलं." मी फोडला. पाणी सगळं आईच्या नऊवारीवर.

आयझाया आणि मृणाली, दोघांना अनेक आशीर्वाद. अर्लीनबायना माझा नमस्कार सांग, वाकून.

आता फोन कर. मी उचलतो.

तुझे बाबा